छातीवरचा कॅमेरा

वैरागच्या बाजारातून म्हशी आणताना टोळक्यानं एजाजचा टेम्पो अडवला, पावत्या फाडल्या आणि वर त्यालाच चोर ठरवून बडवलं. तेव्हापासून नाजनीनच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आज ती नवऱ्याला ओढतच सात रस्ता चौकातल्या दुकानात घेऊन आली, छातीला बांधायचा कॅमेरा घ्यायला. पुरावा तरी राहील.

"हा स्वस्तातला. शूटिंग आतल्या कार्डात राहतं," दुकानदार म्हणाला. "दोन हजार जास्त टाका, थेट घरच्या मोबाइलवर दिसतंय."

"थेटवालाच द्या. कार्ड तर ते काढून घेतील की," म्हणत नाजनीननं मुलीच्या फीचे पैसे काउंटरवर ठेवले.

एजाजनं ते उचलून तिच्या मुठीत कोंबले. "स्वस्तातलाच घेऊ."

"पैशाचं बघू नका वो."

"पैशाचं न्हाय गं. थेट दिसलं, तर तुला बघावं लागंल."