दहा मुलींची बॅच

“दोन्हींचा मुकाबला लावू,” प्रेमानंद म्हणाला. “जी जिंकंल ती शीक.”

वीज नुकतीच आली होती. आकांक्षाला नांदेडच्या जावाच्या वर्गात नाव घालायचं होतं आणि उद्या शेवटचा दिवस होता. वसमतला चाळिशीतल्या प्रेमानंदच्या संगणक वर्गात फक्त सी ही एकच प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली जायची. गेला तासभर तो तिला समजावत होता. सी आधीची, जावा कालची. सी चपळ, जावा जड. असल्या जुन्या मशीनवर ती धापा टाकते. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट त्यानं सांगितली नव्हती. आकांक्षा येते म्हणून बाकीच्या नऊजणींना घरचे पाठवत. ती गेली की मुलींची बॅच मोडणार होती.

मुकाबल्याला प्रोग्रॅम निवडला तो प्रेमानंद सरांच्याच नोट्समधला: बॅचमधल्या मुलींचे गुण एकाखाली एक छापायचे. भारनियमनामुळे वर्गात प्रोग्रॅम वहीतच लिहायचे. सरांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली की तो चालला, असं धरायचं. चार वर्षांत शंभरेक मुलांनी हा प्रोग्रॅम उतरवला होता. आकांक्षानं तो ओळीला ओळ जावात लिहून आणला होता. जावाची सीडी तिनं मामेभावाकडून मिळवली होती.

सीनं डोळ्याचं पातं लवायच्या आत गुण छापले. जावा बराच वेळ घुटमळली, मग गुण छापता छापता चूक दाखवून थांबली.

प्रेमानंद हसला. ऐन पेरणीत खाली बसणारा बैल कोण पाळंल, असं त्यानं विचारलं.

आकांक्षा पडद्याकडं सरकली. ती सीच्या पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ खाली येत होती.

“सर, आमी तर दहाजणी. ही अकरावी कोण?”

तो वाकला. अकराव्या ओळीत चौतीस गुण होते. चौतीस कुणालाच नव्हते. त्यानं नोट्स उघडल्या. गुण छापणारा फेरा दहाऐवजी अकरा वेळा फिरत होता. सीनं मेमरीत शेजारच्या जागेत पडलेला कुठला तरी आकडा उचलून गुण म्हणून छापला होता. जावानं दहा ओळी छापल्या होत्या आणि खाली कळवलं होतं, की अकरावी जागाच नाही.

चूक त्याची होती. शंभरेक वह्यांत ती त्याच्या लाल खुणेनं बरोबर ठरली होती, आणि आज मशीनवर चालवल्यावरही सीनं तोंड उघडलं नव्हतं.

बाहेर बाकीच्या मुली सायकली लावत होत्या. आता काय करू, असं आकांक्षानं हळूच विचारलं. प्रेमानंदनं दाराकडं पाहिलं.

“उद्या पहिल्या एस्टीनं जा,” तो म्हणाला. “अन् तिथल्या सरायला इचार, चाळिशीतला माणूस बॅचमधी घेतेत का.”