बाबांची शेगडी

रविवारी बाबांची शेगडी विझली. नाही, विझली नाही. असं काही झालंच नाही.

पेन्सिल्वेनियाच्या आमच्या गावात घर तापवणारी तळघरातली कोळशाची शेगडी एकदा पेटली की हिवाळाभर विझू देत नाहीत. बाबांनी ती ऑक्टोबरात पेटवली आणि डिसेंबरात ते वारले. ज्याने पेटवली त्यानेच वसंतात विझवायची, हा घरचा नियम. म्हणून आई रोज दोनदा राख झाडते, कोळसा घालते. रविवारी ती चर्चला गेली, मी तळघराचं दार रंगवत बसलो आणि कोळसा घालायचा विसरलो. ती परतायच्या आत लाकडं रचून पुन्हा पेटवली.

आता मे उजाडलाय. शेजारचा लेनर्ड खिडकीतून ओरडला, "डोलोरेस, पोराला भाजून काढतेस का गं?"

"हा ह्यांनी लावलेला जाळ आहे, लेनर्ड. मी कोण विझवणारी?" आई घाम पुसत म्हणाली.

मी बनियनवर, मान खाली घालून, आणखी एक फावडं कोळसा घातला.



हवामान खात्यास नम्र विनंती: यंदाच्या हिवाळ्यास बाबा परत येईपर्यंत मुदतवाढ देण्यात यावी.