शर्टाच्या पाठीवरची ओळ

“पुढे फोटो, खाली दोन तारखा. इथवर ठीक,” लूशस म्हणाला. “पाठीवर ओळ कुठली टाकू, मिस व्हर्नेल?”

“‘उजवी काच वर जात नाही, तू मागे बस. वारा मी घेतो.’”

लूशसने कानावरची पेन्सिल काढली आणि काही न लिहिता परत कानावर ठेवली. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या त्या भागात कुणी वारलं की त्याच्या आठवणीचा शर्ट लूशसकडेच छापला जायचा. वीस वर्षांत त्याने अर्धी वस्ती छापून काढली होती. उरलेली अर्धी त्याच्याशी जपून बोलायची.

येत्या शनिवारी व्हर्नेलबाईंच्या मुलाला, कॉर्डेलला जाऊन दोन वर्षं होत होती. सत्ताविसाव्या वर्षी झोपेतच पोराचं हृदय थांबलं. जिवंतपणी त्याचे रॅपचे तीन अल्बम आले, आणि तिन्ही वस्तीला तोंडपाठ होते. चौथा मागच्या शुक्रवारी आला. सोमवारपर्यंत वस्तीने नावं ठेवून तोही पुरला.

“नव्यातली आहे का ही?” लूशसने विचारलं.

“नव्यातलीच.”

खिडकीजवळच्या बाकावर ट्रेमेन बसला होता. वारलेल्या मामाचे शर्ट न्यायला आला होता, पण घाई नव्हती. फोनवर व्हिडिओ काढून तो गाण्यांची चिरफाड करायचा, आणि ती ऐकायला माणसंही मिळायची. मेलेल्या रॅपरांचे अल्बम हा त्याचा खास प्रांत. तिथे उलटून बोलायला कुणी येत नाही.

“आवाज कॉर्डेलचाच आहे, मॅम. नाही म्हणत नाही मी,” तो म्हणाला. “पण शब्द त्याचे नाहीत. ‘तू मागे बस.’ कुठला रॅपर असं बोलतो? हे आईचं बोलणं झालं. पुढे ‘स्वेटर घाल’ म्हणाला नाही, हेच नशीब.”

“लोकही तेच म्हणतायत?”

“लोक म्हणतात, पोराच्या माघारी आईने वहीत हात घातला.”

व्हर्नेलबाईंनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली होती. दारुडे आणि धर्मोपदेशक, दोघांनाही त्यांनी आवाज न चढवता खाली उतरवलं होतं. या माणसाला कुठल्या थांब्यावर उतरवावं ते मात्र त्यांना सुचेना.

“शब्दन् शब्द त्याचा आहे,” त्या म्हणाल्या. “कपड्यांच्या कपाटात बसून, दार लावून, फोनवर रेकॉर्ड केलं त्याने सगळं. वही मलासुद्धा दाखवली नव्हती.”

“आई दुसरं काय म्हणणार, मॅम?”

“अरे, ती काच खरी होती. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला घरी न्यायला तो जुनी ब्यूक गाडी घेऊन आला. फेब्रुवारी होता. घर येईस्तोवर कान लालबुंद झाले होते त्याचे.”

ट्रेमेनने हातातला फोन बाकावर ठेवला. तेवढी माणुसकी होती त्याच्यात.

“मग गोष्ट खरी आहे,” तो म्हणाला. “कॉर्डेल खरा नाही.”

आणि दाखला म्हणून त्याने फोनवर पहिला अल्बम लावला. कॉर्डेलचा जाडसर आवाज दुकानभर पसरला: ‘पहाटेची पहिली बस, आरशात बारा डोकी. झोप घरी गहाण, अंग तेवढं कामावर.’ लूशसने छपाईचं यंत्र थांबवलं आणि शेवटचे तीन शब्द त्याच्याबरोबर म्हटले. आपापल्या मृतांच्या नावाचे शर्ट घ्यायला आलेल्या दोन बायकांनीही म्हटले.

“याला म्हणतात कॉर्डेल,” ट्रेमेन म्हणाला. “पहाटे चारला उठून त्या बसमध्ये बसल्याशिवाय हे सुचायचं नाही.”

“तो दुपारी बाराच्या आत कधी उठला नाही,” व्हर्नेलबाई म्हणाल्या.

“त्यालाच प्रतिभा म्हणतात, मॅम.”

“प्रतिभा,” व्हर्नेलबाई म्हणाल्या. मग त्या लूशसकडे वळल्या. “तू माझी ओळ लिहून घे.”

लूशसने काउंटर पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

“मिस व्हर्नेल, दोनशे शर्ट आहेत. मी शर्ट छापतो, ते अंगात घालायचे की नाही ते लोक ठरवतात. शनिवारी त्याच्या आठवणीत बागेत मासे तळले जातील, फुगे सुटतील, आणि त्याचा फोटो अंगावर घेऊन तुम्ही एकट्याच उभ्या असाल. चालेल तुम्हाला? हवं तर काचेची ओळ टाकून तुमच्यापुरता एक वेगळा काढतो.”

“माझ्यापुरता नको. मला ती पाठ आहे. दुसऱ्या कुणी वाचायला हवी.”

ट्रेमेन फोनकडे बघत राहिला. व्हर्नेलबाईंनी फोटोतल्या पोराकडे पाहिलं. दोनशे जणांच्या अंगावरून तो बागेत हिंडणार होता, किंवा लूशसच्या फळीवर घडी होऊन पडून राहणार होता.

“टाक ती बसवाली ओळ,” त्या म्हणाल्या.

“अक्षर केवढं?”

“मला चष्म्याशिवाय वाचता येऊ नये एवढं.”

ट्रेमेनने उठून टोपी काढली. “बरं केलंत, मॅम. शेवटी खरा कॉर्डेल तो हाच. हळूहळू तुम्हालाही पटेल.”

नमुन्याचा शर्ट घेऊन व्हर्नेलबाई घरी आल्या. त्यांनी तो घडी घातला आणि स्वयंपाकघरातल्या मोठ्या खणात ठेवायला घेतला. खणात बस डेपोच्या ड्युटीच्या कागदांचे तीन गठ्ठे होते, एकेका अल्बमचा एकेक. पहिल्या गठ्ठ्याच्या वरच्याच कागदावर, मागच्या कोऱ्या बाजूला, त्यांच्या गोल अक्षरात ‘आरशात चौदा डोकी’ लिहिलेलं होतं. चौदा खोडून अकरा, आणि अकरा खोडून बारा. कॉर्डेलच्या वाकड्या अक्षरातली वही मात्र खणात एकच होती, आणि तिच्या पहिल्याच पानावर गाडीची काच होती.