अडलेला खण

"निघ म्हणतो ना! निघ बाहेर, हरामखोरा!"

सासरे टेबलाच्या खणाशी बोलत होते. खणात त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग होतं आणि खण रोजच्यासारखा अडला होता. माणूस घड्याळजी. दुकानात कणीएवढा स्क्रू श्वास रोखून बसवणारा. घरी मात्र रोज सकाळी एका लाकडी खणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. बुक्की, लाथ, शेवटी हिसका. मग भिंग खिशात टाकून, घाम पुसत, अगदी गरीब गाईसारखा कामावर.

नव्या सुनेचं डोकं फिरायचं ते सासूबाईंवर. बाई मेणबत्त्या करून विकत. घरात पॅराफिन मेणाच्या लाद्या छतापर्यंत. पिशवीची चेन अडली, घासा मेण. खिडकी कुरकुरली, घासा मेण. बरणीच्या तोंडावर मेण, करवतीला मेण, बुटांना मेण. घरात जास्त वेळ एका जागी बसायचीही सोय नव्हती, आपल्यालाच मेण लागायचं. फक्त त्या खणाला कधी मेण लागलं नाही. आळस तरी किती असावा!

एका संध्याकाळी सुनेनेच खण उपसला आणि दोन्ही कडांना मेणबत्तीचा तुकडा खसाखसा घासला.

सकाळी सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या, पाय रोवले, हिसका दिला. खण सुळकन हातात आला. शिवी अर्धीच तोंडात राहिली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर सासूबाई चहा घेऊन उभ्या होत्या.

"याला चहा म्हणतात?"

कप भिंतीवर फुटला. मग बशी. मग सासूबाईंचं माहेर, त्यांचं रूप, त्यांच्या मेणबत्त्या. शेवटी दार आपटून स्वारी गेली.

सून काचा वेचायला वाकली. सासूबाईंनी इस्त्री तापवली. खणाच्या कडांवर जुना कागद ठेवून वरून इस्त्री दाबली. मेण कागदात उतरू लागलं.

"आई, अहो हे काय? मी लावलं होतं ते. चांगला चालत होता की खण!"

"तेच तर!" सासूबाई कडाडल्या. "तुझ्या सासऱ्यांना दिवसाला एकच भांडण झेपतं. पहिल्या वर्षीच ओळखलंय मी. आता बघत काय बसलीस? वाटीभर पाणी आण. रोज पाजते मी त्या खणाला. मेण लागलं की लाकडात पाणी मुरत नाही, मग तो फुगणार कसा?"