शून्याच्या आसपास

त्रिशलाचा अष्टमीचा उपास म्हणजे जगदाळे सरांच्या थट्टेला आयतं कुरण. सांगलीच्या कॉलेजात ते संख्याशास्त्राच्या एमएस्सीला रेषीय मॉडेल, म्हणजे कशाचा कशावर किती परिणाम होतो ते मोजायचं गणित, शिकवत; खरं तर साताऱ्याहून बदलून येताना आणलेल्या पिवळ्या नोट्स वाचून दाखवत. मधूनच मान वर करून विचारत, "काय गं, आज वारा खाऊन आलीस काय?" वर्ग खो-खो हसे.

प्रोजेक्टला विषय होता, परीक्षेतले मार्क कशाकशानं वाढतात. सर म्हणाले, "त्यात उपासपण घाल की! ज्याचा परिणाम शून्याच्या आसपास, त्याला मॉडेलमधून हाकलायचं, हा नियम. उपास शून्य निघाला तर सोडायचा. हाय कबूल?"

आईच्या मांडीवर बसून घेतलेलं व्रत ते. पण साऱ्या वर्गादेखत त्रिशला 'हो' म्हणून बसली. मग विभागातल्या एकूण एका पोराला तिनं विचारलं. कोण किती वाचतं, कोण उपास धरतं, कोण सरांच्या तासाला बसतं. महिन्याभरानं निकालाचा कागद तिनं सरांपुढं ठेवला.

"उपास शून्य!" सरांनी टाळी वाजवली. "सोडलास ना मग?"

"सोडते, सर," ती हळूच म्हणाली. "पण खालच्या ओळीत तुमच्या तासाची हजेरी आहे. तिचा परिणामपण शून्यच आलाय. नियमानं तिलापण हाकलू का?"

सरांनी कागद पालथा घातला.



"सगळंच काय आकड्यात मोजायचं नसतं गं," ते म्हणाले, "माणसानं थोडी श्रद्धा ठेवावी."