कोपर वर केलेली सावली

बाबा एकाही फोटोत नव्हते, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. ऊन पाठीशी घेऊन उभे राहायचे, त्यामुळे प्रत्येक फोटोत आमच्या पायांशी कोपर वर केलेली त्यांची सावली पडायची. ते गेल्यावर दादाने सगळे अल्बम स्कॅन केले, कॉम्प्युटरवर त्या सावल्या पुसल्या आणि अल्बम रद्दीत घातले. “बघ आई, फोटो कसे स्वच्छ झाले!” रविवारी गच्चीवर त्याने कठड्यावर मोबाईल टेकवला, टायमर लावला आणि धावत आमच्यात आला. फोटो उघडताच दादा पांढराफटक पडला. समोर कोणीच नव्हतं, तरी आमच्या पायांशी सावली होती, कोपर वर केलेली. तो ती पुसणार, तोच आईने मनगट धरलं. “तिथून हाकललंस, म्हणून ते इथे आले.” रिकाम्या कठड्याकडे बघून ती हसली. “थांबा हो, केस सारखे करू द्या.”