जित्यांचं बुक

"दोन पोरं होती. दोन्ही मानमोडीत गेली," नवशी मास्तरांना म्हणाली.

यातलं अर्धं खरं होतं. थोरला फागू तीन वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापात खरंच गेला होता. धाकटा लहान्या मात्र वीस वर्षांचा, चांगला धडधाकट. तिनेच त्याला उजाडायच्या आत रानात पिटाळलं होतं. जव्हार संस्थानात खानेसुमारी चालली होती. माणसं मोजायची कशाला, हे पाड्यावर कुणी नीट सांगितलं नव्हतं. लढाईच्या वर्षांत एक मुकादम असाच नावं लिहून घेऊन गेला होता. खालच्या पाड्यावरचे तिघे समुद्रापार, लढाईवर बसऱ्याला गेले, परत आला एकटा. तेव्हा आताही ज्याचं नाव लिहिलं तो गेलाच, असं सगळा पाडा धरून बसला होता.

दामोदर मास्तर जव्हारच्या शाळेतले. त्यांनी नवशीकडे एकदा पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं, कुडावर गेरूने आकडा काढला आणि पुढच्या झोपडीकडे वळले. सुटलो बाई एकदाचे, असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

जित्या पोराला मेला म्हटलं! दुसऱ्या कुणा बाईने म्हटलं असतं तर नवशीने तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. इथे तर आईच्याच तोंडून गेलं. ती नाचणी दळायला बसली आणि जात्यात दोन घास घालून उठली. पाण्याला निघाली, अर्ध्या वाटेवरून रिकामंच मडकं घेऊन परतली. शेजारच्या हौशीने विचारलं, काय गं, बावचळलीस का? शब्दाने का कुठे माणूस मरतो, असं नवशी स्वतःलाच समजावत राहिली. बोललेलं वाऱ्यावर जातं. मग तिच्या लक्षात आलं, वाऱ्यावर कुठलं? मास्तरने लिहून घेतलं की. तिचा लहान्या मेला म्हणून सरकारी शाईने लिहिला गेला.

दुपारी लहान्या रानातून आला तो काठी टेकत. मान दुखते म्हणाला आणि अंगणातच आडवा झाला. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

फागूचंही मानेपासूनच सुरू झालं होतं. मीच मारला, माझ्या तोंडाने मारला, एवढं एकच नवशीच्या डोक्यात घुमायला लागलं. हौशीला तिने पोराच्या उशाशी बसवलं आणि ती पळत सुटली. मास्तर संध्याकाळपर्यंत जव्हारात पोचणार, मग कागद कचेरीत जाणार. कचेरीत गेलेलं कधी कुणी खोडलंय?

पळता पळता ती दोनदा थांबली. मेला खोडायला लावलं तर मास्तर जिता लिहिणार. जिता लिहिलं की मुकादम येणार. आणि नाही खोडलं तर रात्रीपर्यंत... तो विचार तिने पुरा केला नाही. मागे फिरली, चार पावलं गेली, पुन्हा जव्हारच्या दिशेने धावली. टाचेत काटा मोडला, तो तिने काढलाही नाही.

मास्तर शिरपामाळावर सापडले. झाडाखाली बसून कागदांचं बाड बांधत होते.

"मास्तर, माझा लहान्या जिता हाय. मेला लिवलाय, तेवढं खोड."

पाड्यावर अहो-जाहो कुणालाच नव्हतं, मास्तरांना त्याची सवय होती. त्यांनी बाडाची गाठ सोडली. म्हणाले, बाई, हे जित्यांचं बुक. यात मेलेलं माणूस लिहायला जागाच नाही. मग एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी वाचून दाखवलं: लहान्या, वय वीस. सकाळी पाड्याच्या चढावर त्यांना तहानेने भोवळ आली होती. एका पोराने आपल्या भोपळ्यातलं पाणी पाजलं, विचारल्यावर स्वतःचं नाव सांगितलं, आईचंही सांगितलं. तू त्याला मेला म्हणालीस तेव्हा माझे ओठसुद्धा अजून ओले होते, मास्तर म्हणाले.

नवशी हसली. मोठ्याने हसली. मेला लिहिलाच नव्हता! आणि मग हसता हसता ती मधेच थांबली. लिहिलाय. नाव, वय, सगळं लिहिलंय.

"मग खोड त्याला," ती म्हणाली.

ही नुसती मोजणी आहे, कुणाला कुठे न्यायचं नाही, असं मास्तरांनी परोपरीने सांगितलं. ते खरंच सांगत होते. पण मुकादमही असाच गोड बोलला होता, आणि नवशी रडत एकच धोशा लावून बसली, खोड, खोड. शेवटी मास्तरांनी दौत उघडली. असं करणं नियमात बसत नव्हतं, पण पाणी त्या पोराचं प्याले होते. तुझं लेकरू, तू म्हणशील तसं, म्हणाले आणि त्यांनी टाक बुडवला. टाक जित्यांच्या बुकातल्या लहान्याच्या नावाशी आला.

नवशीने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे, मास्तर. सरकारनं नेला त सरकारच्या दारात जाऊन बसेन. देवानं नेला त कोणाच्या दारात बसू?"